मिसरचा मुडदा आणि पुसेगावचं सुतक

"कोणत्या घरात काय दाखवायचं, ते मला बराबर कळतं," असं कय्युमनं आपल्या बायकोला ठणकावून सांगितलं आणि बायस्कोपचा डबा पाठीवर घेतला. "बारा गावचं पाणी प्यालेला माणूस हाय मी."

"पाणीच प्यालात," खुर्शीदबी चुलीपुढून म्हणाली. "लग्नाच्या घरी चाललात, तर ते मुडद्याचं चित्र आधी फाडून टाका."

"आखरीचं चित्र हाय ते. लोकं त्याच्यासाठी तर येतेत."

"आन एक दिवस त्याच्यासाठीच मारतील."

बायका असं काहीतरी बोलतात आणि ते खरं ठरतं. म्हणून तर आपल्याकडं त्यांना बोलू देत नाहीत.

कय्युम हिंगोलीचा पत्र्याचं काम करणारा. दिव्याच्या चिमण्या, चाळण्या, नरसाळी करायचा. निजामाचं राज्य होतं, रॉकेलचे रिकामे डबे स्वस्त होते आणि पोट रिकामं होतं. एका डब्याला त्यानं दोन भोकं पाडली, भोकांना भिंगं बसवली, आत कापडाच्या लांब पट्टीवर चित्रं चिकटवली, पट्टी दोन लाटण्यांना गुंडाळली आणि बाहेरून एक दांडी काढली. दांडी फिरवली की चित्र सरकायचं. चित्रं त्याच्या बापाच्या भंगारात सापडली होती, जुन्या छावणीतल्या कोण्या गोऱ्या अंमलदाराची. छावणीतल्या एका म्हाताऱ्या खानसाम्यानं ती पाहून सांगितलं होतं, "हा मिसर देश, सायबाचा इजिप्त." कय्युमला तेवढं पुरलं.

स्वतः कय्युम रेल्वेनं फक्त पूर्णा स्टेशनापर्यंत गेला होता. तिथं उतरून जस्त घेतलं आणि परत आला. पण पाहणारे विचारायचे, "खरं कशावरून?" तेव्हा एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी सोता जाऊन आलो ना भाऊ." त्या दिवशी लोकांनी त्याला बसायला घोंगडी दिली. ज्या खोट्यापायी घोंगडी मिळते ते खोटं माणूस सहसा मागं घेत नाही. मग कय्युम दर साली मिसरला जाऊन येऊ लागला.

तर त्या दिवशी तो पुसेगावला पोचला. व्यंकटराव देशमुखाच्या पोरीचं लग्न होतं. उद्या सकाळी देवक बसायचं, हळद लागायची, संध्याकाळी अक्षता. वऱ्हाड रिसोडहून निघालेलं. व्यंकटराव म्हणजे गावचा वतनदार. वतन म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. घाम दुसऱ्यानं गाळायचा आणि ढेकर आपण द्यायचा, याला आमच्याकडं वतन म्हणतात. मांडवाच्या मेढी रोवायला अख्खा गाव वेठीला धरलेला. दारात भीमसिंग नावाचा राखणदार, हातात तेल पाजलेली काठी. ती काठी पाहून कय्युमनं दोन पावलं लांबूनच मुजरा केला.

"काय हाय रे डब्यात?" व्यंकटरावानं ओसरीवरून विचारलं.

"मिसर देश हाय, सरकार. बायामाणसांनी घरबसल्या पाहावा."

व्यंकटरावानं एक रुपया फेकला. "बायांना दाखव. पण सगळं दाखव. रुपयाचं बारा आण्यात मोजशील तर टांगीन."

ओसरीवर डबा मांडला गेला. हळद कांडणाऱ्या बाया उठून आल्या. पहिला मान व्यंकटरावाच्या आईचा, पार्वतीबाईचा. म्हातारीला कमी दिसायचं, पण जे दिसायचं त्याबद्दल ती अजिबात मागं हटायची नाही. दुसऱ्या भोकाला बाकीच्या आळीपाळीनं.

कय्युमनं घसा खाकरला आणि सुरू झाला. "देखो देखो मिसर का मुलूख, न चप्पल झिजे न लागे भूक. ह्यो पहा माणसानं रचलेला पहाड!"

"कडब्याची गंजी हाय वं," एक म्हणाली.

"दगडाची हाय बाई. राजानं बांधली."

"राजा कशाला बांधतो. बांधणारे येगळेच आसतील. वेठीचे." असं बोलून त्या बाईनं जीभ चावली, कारण ओसरीवर कोण बसलंय ते तिला आठवलं.

दांडी फिरली. सिंहाच्या धडावर माणसाचं डोकं आलं. "ह्याचं नाक कोणी कापलं?" पार्वतीबाईनं विचारलं. कय्युमनं तिथल्या तिथं एक लढाई रचून सांगितली. मग आली शिडाच्या होड्यांची नदी, मग आकाशात घुसलेले मिनार, मग एकाच दगडातून कोरलेला, देवळाच्या दीपमाळेहून उंच खांब. बाया हरखल्या. ज्यांना माहेरी जायला सासूची परवानगी लागायची त्या बाया कय्युमच्या डब्यातून नदी ओलांडून पार गेल्या.

खांबाशी कय्युमनं दांडी थांबवली. "झालं, आईसाहेब. संपला मिसर."

"पट्टी उरली हाय की लाटण्यावर," व्यंकटराव म्हणाला. तो वाकून डब्याच्या फटीतून पाहत होता. आयुष्यभर दुसऱ्याची तूर मोजलेला माणूस. "काय लपवून राहिला रे?"

"काही न्हाई सरकार. शुभकार्याचं घर हाय, म्हणून..."

"भीमसिंग."

काठी हलली. कय्युमचा हात आपोआप फिरला.

काचेच्या पेटीत एक माणूस उताणा पडलेला. अंगावर हाडाला चिकटलेलं कातडं, डोक्यावर चार केस, छातीवर हातांची घडी, तोंड थोडं उघडं आणि नाक कोयत्यासारखं बाकदार.

पार्वतीबाईनं पदरानं भिंग पुसलं आणि पुन्हा डोळा लावला. मग तिनं विचारलं, "कोण हाय ह्यो?"

"राजा हाय तिथला. मी सोता पाहिला, आईसाहेब."

"मेलेला?"

"व्हय."

"कवा मेला?"

आता हे कय्युमला काय ठाऊक! त्यानं अंदाज केला. हाडावर कातडं आहे, डोक्याला केस आहेत, म्हणजे फार जुना नसणार. "आसतील वीसेक वर्सं," तो म्हणाला.

म्हातारीनं भिंगावरचा डोळा काढला आणि असा हंबरडा फोडला की गोठ्यातला बैल दावं तोडून पळाला. "माझा हैबती गं! माझं लेकरू कुण्या मुलखात जाऊन मेलं गं!"

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. व्यंकटरावाचा थोरला भाऊ हैबतराव वीसेक वर्षांपूर्वी तीर्थयात्रेला म्हणून गेला तो परत आलाच नाही. जमिनीत अर्धा वाटा त्याचा. त्याची बायको शालूबाई घरातच होती. कपाळाला कुंकू होतं, पण तिला कोणी सवाशिणीत बोलावत नव्हतं आणि विधवेतही ढकलत नव्हतं. ती आपली रांधत होती. आणि देशमुखाच्या घराण्याचं नाक कोयत्यासारखं होतं, हे पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं.

व्यंकटरावानं भिंगाला डोळा लावला. मग लग्नाच्या भटजींनी, जोशीबुवांनी लावला. मग भीमसिंगनं. प्रत्येक जण चित्र पाहायचा, मग चोरून व्यंकटरावाच्या नाकाकडं पाहायचा आणि मान खाली घालायचा. खरं म्हणजे तो मिसरचा राजा हैबतरावापेक्षा व्यंकटरावासारखाच जास्त दिसत होता, पण हे बोलायला ज्याच्या पाठीचं कातडं स्वतःचं नाही असा माणूस लागतो.

"जोशीबुवा," व्यंकटरावानं खालच्या आवाजात विचारलं, "आता?"

"आता सुतक," जोशीबुवा म्हणाले. "माणूस दूरदेशी मेला तरी वार्ता कानावर आल्यापासून सुतक लागतं. देवक बसलं असतं तर पळवाट होती. ते बसायचंय उद्या. लग्न होत नाही."

"वऱ्हाड वाटेवर हाय."

"मग वऱ्हाडालाही सांगावं लागेल."

चुलीवर पुरण शिजत होतं. कोणीतरी जाऊन खालचं लाकूड ओढलं. ओसरीवरच्या माणसांची तोंडं हळूहळू कय्युमकडं वळली. कय्युमनं घाईघाईनं पट्टी गुंडाळायला घेतली. 

व्यंकटरावानं त्याची मानगूट धरली आणि त्याला परसात कडब्याच्या गंजीमागं नेलं. कय्युमनं मनातल्या मनात खुर्शीदबीची माफी मागितली. तिच्या घरात पैसा नव्हताच, आता माणूसही राहणार नव्हता.

पण व्यंकटरावानं मारलं नाही. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज अगदी लोण्यासारखा मऊ केला. त्या मऊपणानं कय्युम जास्तच घाबरला.

"कय्युम, तू सोता पाहिलंस न्हवं? हैबतराव मेला ते?"

"मालक, मी राजा पाहिला..."

"तेच ते. पंचांपुढं सांगशील?"

त्याच्या डोळ्यांत एकदम अर्धी जमीन चमकली. वीस वर्षं हैबतराव जिवंत आहे की नाही या घोळात नदीकाठचं शेत अडकून पडलं होतं. मेला हे ठरलं की सगळं व्यंकटरावाचंच.

"सांगतो मालक," कय्युम म्हणाला. त्या घडीला त्यानं स्वतः मेल्याचंही सांगितलं असतं.

"पण आज न्हाई. घरात लगीन हाय पोरीचं. आज म्हणायचं, ह्यो हैबतराव न्हाई, दुसराच कुणी हाय. सुतक गेलं. उद्या लगीन उरकतं. आन परवा यायचं आन म्हणायचं, पुन्हा नीट पाहिलं, ह्यो हैबतरावच."

"म्हणजे मेले, पण परवा?"

"परवा. दुपारून. सकाळी वऱ्हाड जेवून जाईल."

आपल्या सख्ख्या भावाच्या मरणाची अशी सोयीची वेळ लावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. गंजीच्या पलीकडं काहीतरी खसपसलं. शेळी असेल म्हणून दोघांनीही लक्ष दिलं नाही.

ओसरीवर परत येऊन कय्युम म्हणाला, "माफी करा. माझी चूक झाली. हे हैबतराव न्हाईत. हा वेगळाच राजा हाय."

लोकांनी सुस्कारा टाकला. जोशीबुवांनी पुरणाखाली लाकूड घालायला सांगितलं. आणि सगळं तिथंच मिटलं असतं, पण पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, लग्नाचं जेवण म्हणून एक दिवस आधीच येऊन खांबाला टेकून बसले होते. त्यांनी पान थुंकलं.

"इधर आ," ते कय्युमला म्हणाले. "पहले बोला मर गया. अब बोलता है वो नहीं. बीच में तुझे कौन मिला?"

कय्युमनं नकळत व्यंकटरावाकडं पाहिलं. अमीनसाहेबांनीही पाहिलं.

"और देशमुखसाब, भाई मरे तो जमीन किसकी?"

व्यंकटरावाच्या कपाळाला घाम फुटला. पुढचं बोलायला त्याला क्षणही लागला नाही. "साहेब, ह्यो हैबतरावच हाय. मी नाक वळखतो. ह्या कय्युम्यानंच काहीतरी केलं असंल. आता बोलणं फिरवून राहिला!"

पार्वतीबाईनं पुन्हा हंबरडा फोडला. जोशीबुवांनी पुरणाखालचं लाकूड पुन्हा ओढायला सांगितलं.

"लाश तूने देखी?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"जी, साब... चित्र..."

"मिसर गया था कि नहीं? सारा इलाका बोलता है तू हर साल जाता है."

"जी."

"लाश के पास और कौन था?"

"कोई नहीं, साब."

"यानी मुर्दे के पास अकेला तू." अमीनसाहेबांनी डबा स्वतःकडं ओढला आणि पाहिलं. "हाथ छाती पर बँधे हैं. मरा हुआ आदमी अपने हाथ आप नहीं बाँधता. मिसर किधर पड़ता है?"

"पूर्णा के आगे, साब."

"हमारे इलाके में?"

"थोड़ा बाहर."

भीमसिंग कय्युमच्या मागं येऊन उभा राहिला. कय्युमला त्याचा श्वास मानेवर लागत होता. डोळ्यांपुढं हिंगोलीचं दुकान आलं, अर्धवट राहिलेली चाळणी आली. आता एकच वाट उरली होती, खरं बोलायची. ती वाट त्यानं इतकी वर्षं वापरली नव्हती की तिच्यावर गवत उगवलं होतं.

"साब, मैं गया ही नहीं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "पूर्णा के आगे कभी गया ही नहीं. सब झूठ है साब, मिसर मैंने देखा ही नहीं."

अमीनसाहेब समाधानानं हसले. "हर कातिल यही बोलता है."

तिकडं आतल्या बाजूला गडबड उडाली होती. माणूस मेला हे ठरलं, मारणाराही सापडला, तर मग विधवा मागं कशी ठेवायची? काल बायांना लग्नाच्या बांगड्या भरायला आलेली जिवनबाई कासारीण अजून तिथंच होती. एका म्हातारीनं तिला पाटा दाखवून खूण केली.

"काल मी भरल्या, आन आज फोडू?" जिवनबाई म्हणाली. "मला न्हाई जमायचं बाई. तुमी फोडा, तुमचे हात मोकळेच हायेत."

तेवढ्यात शालूबाई ओसरीवर आली. चाळिशीची बाई, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, पदरात दोन गोवऱ्या. गोवऱ्या गंजीमागून आणलेल्या होत्या. व्यंकटरावानं त्या गोवऱ्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझं कुंकू पुसून राहिले," ती म्हणाली, "आन मुडदा साऱ्या गावाला दाखवला, मलाच काहून न्हाई दाखवला? भावजी, परवा दुपारी मरायचे होते न्हवं ते? आजच काहून घाई केली?"

व्यंकटराव खोकला. अमीनसाहेबांनी नवीन पान तोंडात टाकलं. त्यांना आता जेवणापेक्षा हे बरं वाटू लागलं होतं.

शालूबाई डब्यापुढं बसली. कय्युमनं दांडी धरली आणि सरळ राजावर आणून ठेवली.

"असं न्हाई," ती म्हणाली. "पहिल्यापासनं दाखवा. मालक कुठं कुठं हिंडले, ते पाहू द्या मला."

कय्युमनं पट्टी मागं फिरवली. तोंडातून गाणं निघत नव्हतं, नुसताच दांडीचा कुरकुर आवाज. ओसरीवर खून, सुतक आणि शिजतं पुरण ताटकळत बसलं आणि शालूबाई निवांत मिसर पाहत राहिली. दगडी पहाडापाशी ती थांबली. नाक कापलेल्या सिंहाला हसली. नदीपाशी तर तिनं कय्युमचा हातच धरून ठेवला, पुढं जाऊ देईना. "किती रुंद हाय," एवढंच म्हणाली. कयाधू नदीच्या पलीकडं ती लग्न होऊन आल्यापासून गेली नव्हती.

शेवटी राजा आला.

 कय्युमनं मनात हिशेब केला. ही बाई आता 'व्हय' म्हणाली की फास, 'न्हाई' म्हणाली तरी अमीन सोडत नाही, तो म्हणणार कोण मारला ते सांग.

"हे मालकच हायेत," शालूबाई म्हणाली.

कय्युमनं डोळे मिटले.

"पण मेलेत कुठं? झोपलेत."

"काय?" जोशीबुवा.

"झोपलेत. मी निजले न्हाई का त्यांच्या शेजारी? अस्सेच निजायचे. उताणे, छातीवर हात, तोंड उघडं. घोरून घोरून घराचे वासे हालवायचे. मेलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीपत्र नको? कपाळाला बुक्का नको? काचेच्या पेटीत घातलंय ते डासांपायी असंल." तिनं मान वर करून जोशीबुवांकडं पाहिलं. "सांगा बुवा, नवरा मेला का निजला, हे बायकोला जास्त कळतं का शास्तराला?"

जोशीबुवांना उद्याची दक्षिणा दिसली. "या बाबतीत पत्नीचं म्हणणं प्रमाण," ते म्हणाले आणि पुरणाखाली तिसऱ्यांदा लाकूड घालायला सांगितलं.

"मुर्दा नहीं, तो खून नहीं," अमीनसाहेब जरा हिरमुसून म्हणाले. "खाना कब है?"

"आन साहेब, तुमी साक्षीला हायेत," शालूबाई म्हणाली. "मालक जित्ते हायेत. त्यांचा वाटा जित्ता हाय. ते उठून येईस्तोवर मी सांभाळीन. उद्या सवाशिणीत मी पहिली बसन, पोरीची थोरली आई हाय मी. काय भावजी?"

व्यंकटरावानं मान डोलावली. दुसरं काय करणार! भाऊ परवा मारायला निघाला होता आणि तो आजच कायमचा जिवंत झाला.

कय्युमनं डबा उचलला तो पाठीवर घेतला की काखेत, त्यालाही कळलं नाही. वेशीपर्यंत पळाला, तर मागून हाक आली. शालूबाई. हातात फडक्यात बांधलेल्या पोळ्या.

"भाऊ, तुमी जाता येता तिकडं," ती सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "वाटंत खायला घ्या. आन ह्या खेपेला मालकांना उठवून आणा."

नरसीच्या वाटेवर एका बाभळीखाली बसून कय्युमनं मिसरपर्यंतची ती शिदोरी एका बैठकीत संपवली.  घरी पोचल्यावर खुर्शीदबीनं विचारलं, "बराबर कळलं ना, कोणत्या घरात काय दाखवायचं?"  तो अर्धवट राहिलेली चाळणी घेऊन बसला.

पुढं कय्युम पुसेगावची वाट टाळू लागला. लांबून वळसा घालायचा. पण नरसीला जत्रा भरली, तिथं तो डबा मांडून बसलेला असताना गर्दीतून नेमकी शालूबाई पुढं आली. हिरवंगार नवं लुगडं, कपाळाला आडवं ठसठशीत कुंकू, बरोबर स्वतःची बैलगाडी. सोबत देशमुखाच्या घरच्या चार बाया होत्या.

कय्युम डब्यामागं जरा सरकला.

"भाऊ, उठले का मालक?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"न्हाई, बाई," कय्युम चाचरत म्हणाला. "गेलो होतो. हालवलं बी. कूस बदलली फकत."

बाया हळहळल्या आणि बांगड्यांच्या दुकानाकडं वळल्या. शालूबाई डब्याशी वाकली. डोळा भिंगाला लावता लावता ती हळूच म्हणाली, "जास्त हालवू नका हो. निजू द्या."

मग तिनं डब्यावर एक पैसा ठेवला.

"दाखवा मिसर. नदीपाशी जरा थांबा. आन ते शेवटचं सोडून दाखवा."